आत कोणी ऐकतंय का?

२०२४ मधला माझा सर्वांत आवडता नवा अल्बम १९९० साली ध्वनिमुद्रित झालेला आहे. दुसऱ्या क्रमांकावरचा १९७१ चा. तिसऱ्यातल्या दोन गाण्यांचे शब्द जिचे आहेत ती कवयित्री १८२४ मध्ये वारली. यादी घरच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली, तर भाच्याचा लगेच निरोप: "मावशी, ही वर्षाची यादी आहे की पितृपंधरवड्याची?"

भाचा पंचविशीतला आहे, दर शुक्रवारी नवं काय आलं ते ऐकून टाकतो, आणि माझ्या वयाची माणसं नव्या संगीताला दारातच उभं करतात असं त्याचं पक्कं मत आहे. त्याला मी एवढंच लिहिलं की यादीतलं बहुतेक सगळं मी २०२४ मध्येच पहिल्यांदा ऐकलं. मीच कशाला, सगळ्या जगानेच. पाकिस्तानचे कव्वाल नुसरत फतेह अली खान यांची एक कव्वाली तर चौतीस वर्षं कोणाच्याच कानावर पडलेली नव्हती. तिला जुनी म्हणायचं तरी कोणत्या हिशोबाने?

'चेन ऑफ लाइट' सप्टेंबरात आला. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यात बॉक्स नावाचं खेडं आहे, तिथल्या एका जुन्या पाणचक्कीच्या जागेत इंग्लिश गायक पीटर गॅब्रिएल यांचा रिअल वर्ल्ड स्टुडिओ आहे. एप्रिल १९९० मध्ये नुसरत आपली पार्टी, म्हणजे साथीदारांचा ताफा, घेऊन तिथे उतरले होते. कॅनडाचे गिटारवादक मायकेल ब्रूक यांच्या साथीने 'मस्त मस्त' हा वेगळ्या वळणाचा अल्बम त्याच सुमाराला तिथे घडला आणि पुढे गाजला. पण पेटी, तबला, टाळ्या आणि मागचे आवाज एवढ्याच सामग्रीवर, अगदी घराण्याच्या रिवाजाने गायलेल्या चार कव्वाल्याही त्या दिवसांत टेपवर आल्या होत्या. त्या टेपा मागे पडल्या. २०२१ मध्ये स्टुडिओचा सगळा साठा दुसरीकडे हलवताना त्या सापडल्या. त्यातली 'या गौस या मीरां' ही बगदादचे सूफी संत अब्दुल कादिर जिलानी यांना घातलेली साद. हीच ती कोणी न ऐकलेली.

नुसरत तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते. पुढे सातच वर्षांत, १६ ऑगस्ट १९९७ ला, लंडनमध्ये ते गेले. शेवटच्या काळातल्या त्यांच्या ध्वनिमुद्रणांत दम कमी पडलेला जाणवतो, चाहत्यांनाही तो कळतो आणि त्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. इथे तसलं काही नाही. वरच्या सप्तकातला आवाज धारदार आहे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिथून खाली यायची त्याला घाई नाही.

पण मी हा अल्बम पहिला ठेवला तो आवाजासाठी नाही. कव्वाली ही समोर माणसं असल्याशिवाय होत नाही. कुठली ओळ कोणाला लागली हे कव्वाल बघत असतो. एखाद्याचे डोळे भरले, एखादा उठून उभा राहिला, की तीच ओळ धरून बसायचं, तिची तकरार करायची, मध्येच दुसऱ्या कुठल्या कवीचा शेर आणून तिला गिरह बांधायची आणि पुन्हा त्याच ओळीवर यायचं. मैफल किती चालेल हे ऐकणारे ठरवतात. विल्टशायरच्या त्या खोलीत ऐकणारे नव्हते. काचेपलीकडे भाषा न कळणारे तंत्रज्ञ, बस्स. मग नुसरत गातात कोणासाठी?

हेडफोन लावून नीट ऐकलं की उत्तर मिळतं. पार्टीसाठीच. धाकटे भाऊ फर्रुख पेटीवर आहेत, दिलदार हुसेन तबल्यावर. नुसरतांनी सरगमेची लड सोडली की फर्रुख तिचं शेवटचं टोक पकडतात आणि आपल्या गळ्यातून पुढे नेतात. मागचा मेळ ध्रुवपद उचलतो तेव्हा तो नुसता ठरलेल्या जागी येत नाही, आत्ता जे झालं त्याने चेव येऊन येतो. त्या खोलीत दाद देणारे होते, ते गाणाऱ्यांच्याच रांगेत बसले होते.

शेवटची कव्वाली अमीर खुसरोंच्या फारसी रचनेवर आहे. ती ऐकताना मला खुलताबाद आठवतं, आणि त्याला कारण आहे. मी औरंगाबादची, गावाचं नाव आता छत्रपती संभाजीनगर झालंय, पण मी औरंगाबादेत वाढले. उरुसाच्या दिवसांत वडील आम्हाला खुलताबादला घेऊन जायचे. आमचं लक्ष पाळण्यांकडे आणि खेळण्यांच्या दुकानांकडे, वडिलांचं कव्वालीकडे. मुहम्मद तुघलकाने राजधानी देवगिरीला आणली तेव्हा दिल्लीची अनेक सूफी मंडळी तिच्याबरोबर दख्खनेत आली. खुलताबादेत ज्यांचा दर्गा आहे ते बुऱ्हाणुद्दीन गरीब हे निजामुद्दीन औलियांचे शिष्य, म्हणजे खुसरोंचे गुरुबंधू. खुसरोंचे जिवलग मित्र, कवी अमीर हसन सिजझी, तेही तिथेच विसावलेत. दिल्लीहून निघालेली एक गायकी पंजाबात, नुसरतांच्या फैसलाबादला पोचली, तिच्या मूळ गोतावळ्यातली काही माणसं वेरूळच्या डोंगरावर येऊन झोपली, आणि मी हे सगळं कोथरूडच्या गच्चीत कानात दोन बोंडं घालून ऐकते आहे. वडील असते तर म्हणाले असते, आधी ती बोंडं काढ.

त्यांचंही खरंच होतं. ऐकायला त्यांनी शिकवलं ते मैफलीत बसून. गणेशोत्सवात शाळेच्या पटांगणावर गाणं असलं की ते मला मुद्दाम कडेला बसवायचे, तिथून साथीदारांचे चेहरे दिसतात म्हणून. गाणाऱ्याने एखादी नवी जागा घेतली की पेटीवाल्याच्या ओठांवर हसू यायचं, तबलजी क्षणभर मान वर करायचा, मागे तंबोऱ्यावर बसलेला शिष्य डोळे मिटायचा. समोरच्या रांगेतल्या जाणकारांच्या 'क्या बात है'पेक्षा त्या तीन चेहऱ्यांवर माझा जास्त विश्वास बसला. तो आजवर टिकलाय. अल्बम ऐकतानाही मी तेच शोधते: आत कोणी ऐकतंय का?

हल्लीच्या बऱ्याच अल्बमांत कोणीही ऐकत नसतं. तालाचा सांगाडा आधी संगणकावर तयार होतो, त्यावर एक दिवस गिटार चढते, दुसऱ्या दिवशी गाणारा येऊन चार ओळी ठेवून जातो, सूर जिथे हलला असेल तिथे यंत्र तो सरळ करतं. गिटारवाल्याची आणि गाणाऱ्याची गाठही पडत नाही. गाणं देखणं होतं, ते सगळीकडे वाजतं, आणि माझ्या डोक्यात त्याचं नावही राहत नाही. हे मी भाच्याला सांगितलं की तो म्हणतो, तुला संगीत नकोय, तुला सत्संग हवाय.

तरी आमचं एका अल्बमावर एकमत झालं. अरूज आफताब हिचा 'नाइट रेन' (रेन म्हणजे इथे पाऊस नव्हे, राज्य).

अरूज लाहोरात वाढली, बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयात शिकली, आता न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहते. २०२२ मध्ये तिच्या 'मोहब्बत'ला ग्रॅमी मिळालं. पाकिस्तानी कलावंताला मिळालेलं ते पहिलंच. 'नाइट रेन' मे २०२४ च्या अखेरीला आला. त्यातल्या 'ना गुल' आणि 'साकी' या दोन गाण्यांचे शब्द माह लका बाई चंदा यांचे आहेत, हे कळल्यावर मी दोन्ही कान टवकारले. ही आमच्या हैदराबादी निजामाच्या मुलखातली बाई. १७६८ चा जन्म, हैदराबादच्या दरबारातली तवायफ, गाणं-नाचणं जाणणारी, घोड्यावर बसून मोहिमेवर जाणारी, आणि स्वतःचा दिवान, म्हणजे काव्यसंग्रह, असलेल्या उर्दूतल्या अगदी सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक. ज्या निजाम अली खानाशी १७९५ मध्ये खर्ड्याला मराठे लढले, त्याचाच हा दरबार. खर्ड्याची लढाई आपल्याला शाळेत शिकवली. त्या तंबूपलीकडे कोणी गझला लिहीत होतं हे काही शिकवलं नाही. मौला अलीच्या टेकडीच्या पायथ्याशी तिने आईसाठी मकबरा बांधला आणि १८२४ मध्ये तिलाही तिथेच ठेवलं. बरोबर दोनशे वर्षांनी ब्रुकलिनच्या एका बाईने तिचे शेर गायले. ही तारीख अरूजने साधली की आपोआप जुळली, कोण जाणे. मला मात्र तिचा फार आनंद झाला.

गाणं म्हणाल तर गझलेच्या कानाला सुरुवातीला हे चमत्कारिक वाटतं. आपल्याकडे गझल गाणारा मिसरा, म्हणजे शेराची एक ओळ, घेतो, तो वेगवेगळ्या अंगांनी फुलवतो, रदीफ, म्हणजे दर शेराच्या अखेरीला येणारे तेच शब्द, आली की श्रोते त्याच्या आधीच ती पुरी करतात. अरूज मिसऱ्यावर रेंगाळते आणि फुलवत काहीच नाही. तान नाही, मुरकी नाही म्हणायला हरकत नाही इतकी थोडी. सूर खाली, जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत. पहिल्या ऐकण्यात वाटलं, बाई, पुढे काही कराल की नाही? दोन-तीनदा ऐकल्यावर लक्षात आलं की तिने जागा रिकामी सोडली आहे ती इतरांसाठी. हार्प, डबल बास आणि 'साकी'त विजय अय्यर यांचा पियानो त्या जागेत येतात, तेही दबकत, बोलणाऱ्याचं वाक्य पुरं होऊ देऊन. अय्यर आणि अरूज यांनी शहजाद इस्माइली यांच्याबरोबर २०२३ मध्ये 'लव्ह इन एक्झाइल' केला होता. तिघांचं ते वाजवणं बरंचसं तिथल्या तिथे सुचलेलं होतं, आणि एकमेकांची वाट बघण्याची सवय त्यांना तिथेच लागली असावी.

'ऑटम लीव्ज्' हे जॅझमधलं घासून गुळगुळीत झालेलं गाणंही अरूजने घेतलंय, आणि त्याचा चेहराच बदललाय. भाच्याला मात्र 'व्हिस्की' जास्त आवडतं. मला ते इंग्रजी गाणं अल्बमात पाहुण्यासारखं वाटतं, चांगलं आहे पण कधी निघतंय याकडे लक्ष. इथे आमचं एकमत संपतं.

दुसऱ्या क्रमांकावर मी अमेरिकन जॅझ वादक ॲलिस कोल्ट्रेन यांची कार्नेगी हॉलमधली मैफल ठेवली आहे. २१ फेब्रुवारी १९७१ ची. स्वामी सच्चिदानंदांच्या योगसंस्थेला मदत म्हणून झालेला हा कार्यक्रम. त्याच रात्री त्याच रंगमंचावर लॉरा नीरो आणि रास्कल्स ही मंडळीही गाऊन गेली. इम्पल्स या कंपनीने हे ध्वनिमुद्रण तेव्हा करून घेतलं आणि प्रसिद्ध केलं नाही. संपूर्ण मैफल अधिकृतपणे बाहेर आली ती मार्च २०२४ मध्ये.

ॲलिस ही थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांची पत्नी, अशीच तिची ओळख कितीतरी वर्षं करून दिली गेली. जॉन १९६७ मध्ये गेले तेव्हा पदरात चार लहान मुलं होती. त्यातल्या रवीचं नाव रविशंकरांवरून ठेवलेलं. पुढे ॲलिसने कॅलिफोर्नियात आश्रम काढला, तुरियासंगीतानंद हे नाव घेतलं, भजनं रचली. २०१८ च्या वणव्यात तो आश्रम जळाला. पण १९७१ च्या त्या रात्री ती नवऱ्याच्या सावलीतून नुकती बाहेर येत होती, आणि तिने मंचावर माणसं बसवली ती बघा: सॅक्सोफोनवर फॅरो सँडर्स आणि आर्ची शेप, बासवर जिमी गॅरिसन आणि सेसिल मॅकबी, ड्रमवर एड ब्लॅकवेल आणि क्लिफर्ड जार्व्हिस. सगळं दोन दोन. शिवाय तंबोऱ्यावर तुलसी आणि पेटीवर कुमार क्रेमर.

तंबोऱ्याचं मला आधी हसू आलं. आपल्याकडे तंबोरा जुळवण्यात अर्धा तास जातो, जवारीचा दोरा तसूभर सरकवून गायक पुन्हा पुन्हा कान लावतो, आणि मग त्या षड्जावर पुढचं सगळं उभं राहतं. इथे तो आहे, पण दोन बास आणि दोन ड्रमच्या मध्ये बिचाऱ्याचं काय ऐकू येणार? पहिल्या दोन रचना, 'जर्नी इन सच्चिदानंद' आणि 'शिवलोक', शांत आहेत, ॲलिस हार्पवर आहे, तिथे तो जाणवतो. पेटी तर मी अजून शोधतेच आहे. उत्तरार्धात ॲलिस पियानोकडे वळते आणि नवऱ्याची 'आफ्रिका' सुरू होते, जवळपास अर्धा तास. दोन ड्रमवाले एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत. एकाने ठेका धरला की दुसरा त्याच्या फटींतून वाजवतो, मग अदलाबदल. सँडर्सचा सॅक्सोफोन किंचाळायला लागतो तेव्हा आमच्या घरातले लोक दार लावून घेतात, मला मात्र तिथे ॲलिसकडे बघावंसं वाटतं, म्हणजे कानांनी. डाव्या हाताने ती जड, सारखे तेच ते स्वर वाजवत राहते. कोणी कितीही लांब गेलं तरी परतायला घर राहावं म्हणून. तंबोऱ्याचं काम त्या रात्री तिचा डावा हात करत होता.

याच ॲलिसला वाहिलेला एक अल्बम नोव्हेंबरात आला, गानव्या हिचा 'डॉटर ऑफ अ टेंपल'. गानव्या न्यूयॉर्कमध्ये जन्मली, तामिळनाडूत वाढली, हरिकथेच्या परंपरेत शिकली. ह्यूस्टनमध्ये तिने तीसहून अधिक कलावंत एकत्र जमवले. त्यात विजय अय्यर आहेत, एस्परान्झा स्पाल्डिंग आहे, नाट्यदिग्दर्शक पीटर सेलर्स आहेत. जॉन कोल्ट्रेन यांच्या 'अ लव्ह सुप्रीम'चा तिथे अक्षरशः जप होतो. हा अल्बम यादीत ठेवावा की नाही यावर मी बराच काळ घुटमळले. आवाज विलक्षण आहे, थेट छातीतून येणारा. खोलीही ऐकू येते, माणसं श्वास घेतात, हलतात. पण काही ठिकाणी भक्तिभाव इतका जपून हाताळलाय की तो कुजबुजीत विरतो. आपल्या भजनात टाळ असतो, पखवाज असतो, वारकरी बेंबीच्या देठापासून ओरडतात. विठोबाला झोपेतून उठवण्याइतका तो आवाज असतो. गानव्याच्या खोलीत देव झोपलेला आहे आणि सगळे चवड्यांवर चालताहेत. तरी रात्री उशिरा, एकटीने, ऐकायला हाच अल्बम मी सर्वांत जास्त वेळा लावला असेन, म्हणून ठेवला.

अनुष्का शंकर यांचा एप्रिलमध्ये आलेला छोटा अल्बम, 'चॅप्टर टू', मी मनापासून ऐकला. अर्ध्या तासाच्या आतबाहेरचा, धुकट, ध्यानाला लावण्यासारखा. सतार त्यात आहे तशी नाही, तिची आठवण आहे. छान आहे. पुढे जाऊ.

आता भाच्याचा खरा प्रश्न: यादीत मराठी काही का नाही? आपलं शास्त्रीय संगीत का नाही?

ऐकलं तर खूप. कुमार गंधर्वांचं जन्मशताब्दी वर्ष एप्रिल २०२४ मध्ये संपलं, त्यानिमित्ताने घरात कुमारजी वाजत होतेच. (ॲलिस गेल्या १२ जानेवारी २००७ ला, कुमारजी १२ जानेवारी १९९२ ला. याला काही अर्थ नाही, पण एकदा कळल्यावर विसरताही येत नाही.) तरुण गायक-गायिकांच्या मैफली यूट्यूबवर पुष्कळ आहेत, त्यातल्या कितीतरी उत्तम आहेत. पण त्या अल्बम नव्हेत. एक माणूस बसला, त्याने काय आधी, काय नंतर, कुठे थांबायचं, काय वगळायचं हे ठरवून एक अखंड गोष्ट आपल्या हातात ठेवली, असं २०२४ मध्ये तरी मराठी मुलखातून माझ्यापर्यंत काही पोचलं नाही. आणि याची खंत यासाठी वाटते की हे काम आपल्याला चांगलं येत होतं. 'गीत वर्षा', 'त्रिवेणी', 'मला उमजलेले बालगंधर्व' हे कुमारजींचे कार्यक्रम म्हणजे दुसरं काय होतं? पावसाची गाणी एकामागून एक गायली की 'गीत वर्षा' होत नाही. आधी उन्हाळ्याची काहिली कानाला जाणवावी लागते, मग ढग.

आणि ग. ना. जोशी. 'रानारानात गेली बाई शीळ' गाणारे म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण एचएमव्हीत ध्वनिमुद्रणाची धुरा सांभाळताना त्यांनी जे करून ठेवलं ते त्याहून मोठं आहे. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मागे तेच होते. शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा, तिघंही तेव्हा ऐन उमेदीत. संतूर आणि गिटार यांना मैफलीत जागा द्यावी की नाही यावर तेव्हा जाणकारांत वाद होता. त्यांना काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस वाजवायला सांगायचा, पहाटेच्या अहीर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत, आणि तो तबकडीच्या दोन बाजूंत, वीस-वीस मिनिटांत बसवायचा! एका बाजूला मर्यादा होती म्हणून रचना आली. आता मर्यादाच नाही. दीड तासाची मैफल जशीच्या तशी चढवता येते, आणि तीस सेकंदांची तानही. मधलं माप हरवलंय.

यादीतला शेवटचा अल्बम २०२४ चा नाहीच. तो २०२३ चा आहे, 'शक्ती' या बँडचा 'धिस मोमेंट'. २०२४ च्या फेब्रुवारीत लॉस एंजेलिसला त्याला ग्रॅमी मिळालं तेव्हा झाकिर हुसेन हसत हसत मंचावर गेले. बेला फ्लेक, एडगर मेयर आणि राकेश चौरसिया यांच्याबरोबरच्या 'ॲज वी स्पीक'साठीही त्यांना दोन मिळाली. एका संध्याकाळी तीन. आणि १५ डिसेंबरचा तो रविवार. रात्री ते गेल्याची बातमी आली, मग ती खोटी असल्याचं कळलं, आम्ही एकमेकांना हायसं वाटल्याचे निरोप पाठवले, आणि सोमवारी सकाळी ती खरी ठरली. सॅन फ्रान्सिस्कोत, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी.

झाकिरभाईंच्या बोटांबद्दल, वेगाबद्दल, केसांबद्दल त्या आठवड्यात भरपूर लिहून आलं. मी त्यांना ऐकलं तेव्हा सवयीने कडेला बसले होते, आणि मला दिसला तो त्यांचा चेहरा. मुख्य कलाकाराकडे त्यांची नजर लागलेली असायची. त्याच्या तोडीचं वाजवून दाखवण्याआधी, त्याने जे केलं ते आवडल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर उमटायचं. एवढ्या मोठ्या नावाचा माणूस साथीला बसला की मुख्य कलाकार दबतो, असं आपण पाहिलंय. इथे तो खुलायचा.

शक्तीचं पहिलं ध्वनिमुद्रण १९७५ च्या एका मैफलीचं. गिटारवर जॉन मॅकलॉफ्लिन, व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विक्कू विनायकराम आणि तबल्यावर झाकिर. १९७७ नंतर या मंडळींनी स्टुडिओत अल्बम केला नव्हता. तो इतक्या वर्षांनी केला तेव्हा विक्कूंच्या जागी त्यांचा मुलगा सेल्वागणेश होता, व्हायोलिनवर गणेश राजगोपालन, गायला शंकर महादेवन. आणि गंमत म्हणजे माझ्या कसोटीला हा अल्बम बसायलाच नको. करोनाच्या काळात तो बराचसा देशोदेशी वेगवेगळ्या खोल्यांत बसून, ध्वनिफिती इकडून तिकडे पाठवून तयार झाला. वर ज्या पद्धतीला मी नावं ठेवली, तीच. तरी 'मोहनम' लावा. तो राग म्हणजे आपला भूप. सेल्वागणेश काही बोलून गेले की तबला लगेच उत्तर देत नाही. किंचित थांबतो, जणू त्या बोलांची चव घेतो, मग त्यातलंच एखादं अक्षर उचलतो. समोरचा माणूस समुद्रापलीकडे आहे, कदाचित त्याने ते महिन्यापूर्वी वाजवलंय. झाकिरभाई मान वर करून हसले असणार, एकट्याच खोलीत, अशी माझी खात्री आहे. भाचा म्हणतो, मग तुझ्या सिद्धांताचं काय? मी म्हटलं, सिद्धांत राहू दे, तू ते तिहाईच्या आधीचं ऐक.

ज्यांनी दोन्ही ऐकले नसतील त्यांनी सुरुवात मात्र 'ॲज वी स्पीक'पासून करावी. बँजो, डबल बास, बासरी आणि तबला, चारच माणसं, मधे हवा भरपूर. आणि फोनच्या स्पीकरवर ऐकू नये. मेयर गजाने बास वाजवतात आणि झाकिरभाई डग्ग्यावर तळहात दाबून मींड काढतात, तेव्हा कोणता स्वर कोणाचा हे ओळखायची खरी मजा आहे, आणि ते दोन्ही स्वर फोनला काढताच येत नाहीत.